एक्केचाळीस बायांची यादी

माझं लहानपण पिवळं होतं. हे शोभेसाठी लिहीत नाही. जळगावात आम्ही राहायचो ती गल्ली डाळ मिलच्या मागच्या भिंतीला लागून होती. तुरीचा हंगाम सुरू झाला की मिलच्या पंख्यातून जी भुकटी उडे ती आमच्या पत्र्यांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, माठावरच्या ताटलीवर बसे, आणि सकाळी उठलं की डोळ्यांच्या कोपऱ्यातही सापडे. शाळेचा माझा पांढरा सदरा चार वर्षांत कधी पांढरा दिसला नाही. बाई पहिल्या वर्षी रागावल्या. दुसऱ्या वर्षी त्या स्वतःच आमच्या गल्लीत कुणाकडे तरी आल्या, परत जाताना पदर झटकत गेल्या आणि त्यानंतर काही बोलल्या नाहीत. पहाटे मिलचा मोठा पट्टा फिरायला लागे, मग चाळण्या सुरू होत, मग सगळं मिळून एक घरघर, ती दिवे लागेपर्यंत थांबत नसे. त्या घरघरीवरून बोलायचं म्हणून आमच्या गल्लीतली सगळी माणसं मोठ्या आवाजाची झाली. मी तेवढी हळू बोलणारी राहिले. मला वाटे, एवढं ओरडून सांगावं असं आपल्याकडे काय आहे.

घरात मी आणि आई. बाप सावद्याला असायचा. तिथं स्टेशनात केळीच्या वाघिणी भरायचं काम होतं, आणि तो बाजाराच्या दिवशी घरी यायचा तो खांद्यावर केळीचा घड घेऊन. त्याला दुसरं काही आणायचं सुचत नसे. आई म्हणायची, "माणूस उना का घड उना, मांगून दखं तं समजत नही." आई दिवसभर मिलमध्ये डाळ निवडे, त्यामुळे घरी तिला डाळ नजरेसमोर चालत नसे. एवढ्या मोठ्या डाळ मिलच्या भिंतीला टेकून आम्ही राहिलो, पण वरण आमच्याकडे पाहुणा आला तरच. एरवी कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वांगी निघाली की भरीत, आणि बापाची केळी: पिकलेली, कच्ची, तळलेली, भाजीतली. आजही माझी सून केळ्याचे काप तळते तेव्हा सगळ्यांना आवडतात. मी भूक नाही म्हणते.

चौथी पास झाले. पाचवीची शाळा रुळांच्या पलीकडे होती, आणि आईनं रूळ बघितले, मला बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी मिलमध्ये नेलं. याबद्दल घरात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. मिलच्या मागच्या ओट्यावर आम्ही एक्केचाळीस जणी ओळीनं बसायचो. समोर सूप, सुपात डाळ. खडा काढायचा, काळा दाणा काढायचा आणि गोटा काढायचा, म्हणजे यंत्रातून फुटून दोन न झालेला अख्खा दाणा. उन्हात वाळत घातलेली डाळ पायांनी चालून वरखाली करायची असली की तरण्या बायांना उठवत. सकाळी आठला फाटक बंद होई ते सहाला उघडे. जेवण आतच, भिंतीच्या सावलीला. आमच्यावर देखरेखीला नाना मुकादम होते. ते धोतर नेसायचे, एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि आवाज असा की पट्ट्याच्या घरघरीवरून पलीकडच्या गल्लीत जाई. नानांना दोन वर्षं मी मुकी आहे असं वाटत होतं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मुक्या पोरीला कुणी जास्त काही सांगत नाही, तिच्या सुपातला गोटाही फारसा कुणी शोधत नाही.

आता पुढं जे झालं ते कळायला एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. माझी आई पाचोऱ्याची, म्हणून ती पाचोरावाली. तिच्या डाव्या हाताला बसे ती सावदावाली. यावलवाली होती, एरंडोलवाली होती. शिरपूरवाल्या तीन होत्या, त्यांना काळी शिरपूरवाली, गोरी शिरपूरवाली आणि नुसती शिरपूरवाली म्हणत. नुसतीला त्याचा राग होता. वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून बसलेल्या या बायांना एकमेकींची खरी नावं माहीत नव्हती, आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. मी पाचोरावालीनी पोर. तेवढ्यावर माझी तेरा वर्षं निघाली होती.

सावदावालीला मूल झालं. सव्वा महिन्यानं ती कामावर आली, पोरगं सासूजवळ ठेवून. तिचं घर मिलच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे. पोरगं रडलं की तिला ऐकू येई. आम्हाला कुणाला येत नसे. ती सूप खाली ठेवून मान वाकडी करून बसे आणि थोड्या वेळानं तिची चोळी समोरून भिजे. नाना दुसरीकडे बघत म्हणायचे, "ए सावदावाली, सूप मांगे सरकाड, डाळ वली हुई जाई." तिनं चार वेळा विचारलं, दुपारी पाच मिनिटं फाटक उघडाल का. नाना म्हणाले, दिवाणजींना विचारतो. दिवाणजी म्हणाले, शेटजींना विचारतो. शेटजी मुंबईला असत. मग एका दुपारी चुनीची, म्हणजे डाळीच्या चुऱ्याची, पोती भरायला गाडी आत आली, तेव्हा ती गाडीच्या आडोशानं बाहेर गेली, पोराला पाजलं आणि गाडी बाहेर पडायच्या आत परत येऊन बसली. तिच्या सुपातली डाळ आईनं निवडून ठेवली होती. एवढं सगळं नीट पार पडलं होतं. पण कुणीतरी बघितलं असावं, संध्याकाळी दिवाणजींनी नानांकडून निरोप पाठवला की सावदावालीनं उद्यापासून यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावदावालीची जागा रिकामी होती.  तास गेला असेल, आणि आई सूप खाली ठेवून उभी राहिली. तिला बघून काळी शिरपूरवाली उभी राहिली, मग एरंडोलवाली, मग ओट्यावर कुणीच बसलेलं उरलं नाही. आई चालायला लागली तशा सगळ्या चालायला लागल्या, आणि नाना "कथा चालन्यात, कथा चालन्यात" करत कुठं निघालात ते विचारेपर्यंत आम्ही गाडीसाठी उघडलेल्या फाटकातून बाहेर, लिंबाच्या झाडाखाली होतो. पुढं युनियनच्या सभांमध्ये या गोष्टीचा उल्लेख 'पाचोरावालीने सूप ठेवले' असा होई आणि लोक टाळ्या वाजवत. मी एकदा आईला विचारलं, तुला उठावंसं कसं वाटलं. आई म्हणाली, "पायले मुंग्या उन्यात म्हनीसन उठनू. मांगे दखं तं ह्या बठ्ठ्या उभ्या. मंग कशी बसू?" हे खरं असेल किंवा नसेल. आई खरं बोलताना आणि थापा मारताना एकसारखीच दिसायची.

तर आम्ही लिंबाखाली बसलो. पहिला दिवस सगळ्यांना सणासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हातात काहीतरी हवं असं वाटायला लागलं. एरंडोलवालीनं घरून ज्वारी आणली आणि बाया ती निवडायला लागल्या. चौथ्या दिवशी खेड्यावरून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून दुसऱ्या बाया आल्या आणि आमच्या ओट्यावर बसल्या. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, आम्ही त्यांच्याकडे बघत नव्हतो, दोन्हीकडच्या बायांना एकमेकींच्या लुगड्यांवरून सगळं कळत होतं. तेव्हा बायांच्या लक्षात आलं की आपण आता कायमच्या बाहेर राहू शकतो. घरोघरी पीठ तळाला आलं होतं. बाजाराच्या दिवशी बाप आला, झाडाखाली एवढ्या बाया बघून घड तिथंच ठेवला आणि म्हणाला, "बसा. उन्हात नका बसू." मग आत घरी जाऊन आईला हळूच विचारलं, "तुलेच काबरं पुढे व्हवानं व्हतं?" आई म्हणाली, "मी कोठे पुढे व्हती? मी मधमा व्हती."

धुळ्याहून सोनवणे भाऊ आले ते या सुमाराला. ते धुळ्याच्या कापड गिरणीत होते, तिथं संप करून करून त्यांना संपाचीच सवय झाली होती. बारीक अंगाचे, सतत खोकणारे, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालत नसे. त्यांनी आम्हाला घोषणा शिकवल्या. बायांना ओरडायची लाज वाटत नव्हती, पण घोषणेला चाल नाही हे पटत नव्हतं. शेवटी त्यांनी 'आमची एकजूट जिंदाबाद' हळदीच्या गाण्याच्या चालीवर बसवलं आणि गोरी शिरपूरवाली पुढं म्हणायची. भाऊ म्हणाले, "अहो, मालकाला धडकी भरायला पाहिजे." गोरी म्हणाली, "भरी ना भाऊ. मना सासरना बठ्ठा लोके ह्याच गानाले घाबरेत." मी ओठ हलवायचे. ती युक्ती मी शाळेत प्रार्थनेच्या वेळी शिकले होते.

भाऊंनी सांगितलं की सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि सोबत सगळ्या कामगारांची यादी जोडायची. "लिहिता कोणाला येतं?" चाळीस बोटं माझ्याकडे वळली. भाऊंनी मला चालणारं पेन दिलं आणि रेघांचा कागद. मी आईच्या मागं सरकले तर आईनं मला पुढं ढकललं. मग मी गुडघ्यावर पाटी ठेवून, पाटीवर कागद ठेवून लिहायला बसले. एक, पाचोरावाली. दोन, यावलवाली. असं करत सात नंबरला सावदावाली. तीन शिरपूरवाल्या रंगासकट लिहिल्या. नुसतीला मी विचारलं तर ती म्हणाली, "लिख, पहिली शिरपूरवाली." एक्केचाळिसावी मी. तिथं मी माझं नाव, बापाचं नाव आणि आडनाव लिहिलं, कारण मला अजून सासर नव्हतं. अक्षर माझं बरं होतं. भाऊंनी कागद दुरूनच बघितला, "वा, मोत्यासारखं" म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला. सोनवणे भाऊ यादी वाचत नसत. ते यादीवर भाषण करत.

चार दिवसांनी कचेरीत बोलावणं आलं. आम्ही सगळ्याजणी चालत गेलो. अधिकारी साहेब वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं सावकाश. एका बाजूला दिवाणजी आणि नाना खुर्च्यांवर, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि भिंतीला लागून आम्ही. साहेबांनी यादी उघडली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "पाचोरा, यावल, एरंडोल, चोपडा, धरणगाव… सोनवणे, ही काय एसटीची पाटी आहे?"

भाऊंना खोकल्याची उबळ आली. ती नेहमीपेक्षा लांबली.

दिवाणजी चांगले माणूस होते. आवाज कधी चढवत नसत, दिवाळीला बायांना हातानं फराळ वाटत. ते नम्रपणे म्हणाले, "साहेब, आमच्या हजेरी पुस्तकात सात माणसं आहेत, यंत्रावरची. निवडायला बाया येतात, जातात. आज ही, उद्या ती. ह्या बाया आमच्या कामगार आहेत असं मी कसं म्हणू? मी ओळखत नाही." साहेबांनी नानांकडे बघितलं. नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "मी बी वळखत नही." नानांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते त्यांना नेहमीच येई.

साहेब म्हणाले, आठ दिवस देतो. प्रत्येकीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वय लिहून आणा. आणि तुम्ही तिथं काम करत होता याचा काही पुरावा आणा. नाही आणलात तर मी फाईल बंद करतो, आत बसल्या आहेत त्या बाया आत राहतील. बाहेर आल्यावर कुणी मला बोललं नाही. तेच वाईट होतं. फक्त नुसती शिरपूरवाली म्हणाली, "तरी बरं, मी पहिली लिखाडं व्हतं."

हे सगळं मी दुपारी लिहीत बसते, घरात टीव्हीवर मालिका चालू असते तेव्हा. नातीची गेल्या वर्षीची वही आहे, मागची पानं कोरी. सून विचारते, काय लिहिता मम्मी, तर मी सांगते, किराणा. गेल्या वर्षी नातू मला त्या मिलवरून घेऊन गेला. ओटा राहिलेला नाही. डाळीचा रंग बघून खडा बाहेर उडवणारं यंत्र आलंय, त्याच्या अंगावर पितळी पट्टी आहे आणि पट्टीवर त्याचं नाव, नंबर आणि जन्मसाल कोरलेलं आहे. मी ते चष्मा लावून वाचलं. यंत्राची ओळख पटवायला कुणाला कचेरीत जावं लागणार नाही.

दुसरी यादी करायला मला सहा दिवस लागले. नवऱ्याचं नाव एकही बाई तोंडानं घेईना. लग्नात घेतलं तेवढं घेतलं. एकमेकींनी सांगावं म्हटलं तर एकमेकींना माहीत नाही. शेवटी मी पोरांकडे गेले. पोरांना बापाचं नाव घ्यायला काही वाटत नाही. गल्लीत गोट्या खेळणाऱ्यांना मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. सुपडू, धुडकू, उखर्डू, पंढरी, अशी नावं निघत गेली. बोलायचं म्हणून मला घाम फुटायचा, पण पोरं माझ्याहून लहान होती. सावदावालीचं पोरगं दोन महिन्यांचं, ते काय सांगणार. तिच्या सासूकडे गेले. सासूनं लेकाचं नाव सांगितलं, जन्माची वेळ सांगितली, त्याला लहानपणी झालेले आजार सांगितले, आणि मग म्हणाली, "आते मन्हं बी लिख." मी म्हटलं, तुम्ही कामावर नाही. ती म्हणाली, "लिखाले काय जास तुनं?"

बायांची स्वतःची नावं हा आणखी घोळ होता. लग्नात नाव बदललेलं, म्हणून प्रत्येकीला दोन. मी विचारायचे, कोणतं लिहू. "जन्मनं का लगीननं?" असं त्याच मला उलट विचारायच्या आणि विचारात पडायच्या. एरंडोलवालीला जन्माचं नाव आठवायला एक दिवस लागला. माझ्या आईचं शांताबाई मला माहीत होतं, रेशनकार्डावर होतं ते. मी तिला न विचारताच लिहायला घेतलं. आई भाकरी थापत होती. ती तव्याकडे बघत म्हणाली, "जन्मनं लिख." मला ते माहीत नव्हतं. तेरा वर्षं तिच्या कुशीत झोपले होते आणि माहीत नव्हतं. ती म्हणाली, "केवळ." मी लिहिलं, केवळबाई. ती म्हणाली, "बाई नको लिखू. तवय मी बाई नव्हतू."

वय कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ म्हणाले, अंदाजे टाक. मी तरण्यांना अंदाजे पंचवीस टाकलं, मधल्यांना अंदाजे पस्तीस, आणि ज्यांचे दात पडले होते त्यांना अंदाजे पन्नास. एक्केचाळीस जणींत पक्कं वय फक्त एकीचं माहीत होतं. माझ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला होता, त्यावर तारीख होती. मी हिशेब केला आणि लिहिलं, तेरा. सरकारी कागद आहे, चुकायला नको, असं मला वाटलं. भाऊंनी ही यादीसुद्धा दुरून बघितली.

पुराव्याचं मात्र काही जमलं नाही. पास नव्हता, चिठ्ठी नव्हती, कधी कशावर अंगठा घेतला नव्हता. यावलवालीनं बोटांच्या टोकांना पडलेल्या भेगा दाखवायचं ठरवलं. भाऊ म्हणाले, भेगा सगळ्या महाराष्ट्राच्या बायांना आहेत. आठव्या दिवशी आम्ही तशाच गेलो. वाटेत कुणी चाल लावली नाही.

साहेबांनी नवी यादी वरवर चाळली, ठीक म्हणाले आणि पुरावा विचारला. भाऊंनी गिरणी कामगारांच्या त्यागापासून सुरुवात केली. पंखा फिरत होता, दिवाणजी रुमालानं मान पुसत होते. नाना पुन्हा जमिनीकडे बघून म्हणाले की मी ह्यांना वळखत नही. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि फाईलची नाडी हातात घेतली. तेवढ्यात शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात आला. दारात सावदावाली उभी होती, पोरगं खांद्यावर, पाठ दाराकडे. शिपाई "बाई, बाई" करत होता, तिला ऐकू येत नव्हतं. आणि नाना मुकादम, बावीस वर्षांच्या सवयीनं, त्या आवाजात गरजले, "ए सावदावाली! वाट सोड ना, चहा सांडी! पाचोरावाली, वढ तिले इकडे!"

आईनं तिला ओढलं. तीही सवयच.

 साहेबांनी नाडी सोडली. फाईलमध्ये खाली दबलेली माझी पहिली यादी काढली, चष्मा वर सरकवला आणि बोट फिरवत म्हणाले, "सात नंबर, सावदावाली. एक नंबर, पाचोरावाली. बरोबर. नाना, मग ही कोण, खांबाजवळची?"

आता नाना गप्प बसले असते तर. पण साहेबानं नाव घेऊन विचारलं होतं, आणि नानांना आयुष्यात कुणी साहेबानं काही विचारलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले. "ही एरंडोलवाली. ही काळी शिरपूरवाली, ती गोरी. तठे ती नुसती." "पहिली," नुसती म्हणाली. नाना पुढं सरकत गेले, एकेकीवर बोट ठेवत. "ही यावलवाली, हात चांगला शे हिना, एक गोटा सुटत नही. चोपडावाली बोलस जास्त. धरणगाववाली आज उनी नही, तिले दमा शे." भिंतीच्या टोकाला आल्यावर माझ्यापाशी थांबले. "ही पाचोरावालीनी पोर. मुकी शे बिचारी." साहेब म्हणाले, "हिनंच यादी लिहिली." नानांनी माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघितलं. दिवाणजींनी डोळे मिटले होते. त्यांनी ते मिटूनच म्हटलं, "नाना, बसा आता."

त्याच दिवशी समझोता लिहिला गेला. यादीतल्या सगळ्या बायांना कामगार म्हणून हजेरी पुस्तकात घ्यायचं, सावदावालीसकट. अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी दुपारी बाराला पंधरा मिनिटं फाटक उघडायचं. साहेब नावं वाचत होते आणि दिवाणजी मान हलवत होते. केवळ हे नाव आलं तेव्हा कुणीच पुढं आलं नाही, कारण कुणाला ते माहीत नव्हतं. मग आईनं हात वर केला आणि बाया तिच्याकडे वळून बघत राहिल्या. शेवटी माझं नाव आलं. साहेबांनी ते वाचलं, वय वाचलं, आणि पेन खाली ठेवलं. "तेरा? हिला कामावर ठेवता येणार नाही. कायदा आहे." भाऊंनी पहिल्यांदाच यादी जवळून बघितली. दिवाणजींनी डोळे उघडले. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. "आम्ही कायदा पाळणारी माणसं आहोत, साहेब," ते म्हणाले. साहेबांनी माझ्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. चाळीस उरल्या.

परतताना बाया गात होत्या, मोठ्यानं, लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. आई माझ्या बाजूला चालत होती, गात नव्हती. रुळांपाशी फाटक लागलं होतं, तिथं थांबल्यावर म्हणाली, "पंधरा लिखती तं हात मोडता का तुना?" मी म्हटलं, "खरं लिहिलं." "आन बाकीन्यास्नं?" "अंदाजे." आईनं कपाळाला हात लावला. मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो, आणि आईच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कळत नव्हतं. मग मागून सावदावाली आली. तिनं काही न विचारता पोरगं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मन्ही सासूले रस्ता पार करता येत नही. दुपारले तूच लई येत जाय." असं माझं नवीन काम ठरलं. संध्याकाळपर्यंत आणखी तीन बायांनी आपापली पोरं सांगून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीतल्या बाया आल्या नाहीत. आमच्या बाया आत गेल्या. मी लिंबाखाली घोंगडी अंथरली, तिच्यावर चार पोरं. तिघं जागी होती, सावदावालीचं झोपलेलं. बारा वाजले. आत घंटा झाली आणि फाटक उघडलं. उघडायला नानाच होते, हातात घड्याळ घेऊन. सावदावाली सगळ्यांच्या आधी पळत आली. येताना चोळीची गाठ सोडत होती. घोंगडीपाशी येऊन बघते तर पोरगं गाढ झोपेत, मुठी मिटलेल्या. मी त्याला हलवायला हात पुढं केला तर तिनं माझा हात धरला. "राहू दे." ती त्याच्या शेजारी बसली. बाकीच्या तिघी पाजत होत्या. ती तशीच बसून होती, पाय लांब करून, हात मांडीत, हातात सूप नाही, काही नाही. दिवसाउजेडी मिलच्या बाईला मी कधी अशी बसलेली बघितली नव्हती. नानांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "सतरा दिन." सतरा दिवस त्या फाटकाबाहेर बसल्या होत्या, ते याच्यासाठी.

घंटा झाली तशी सावदावाली उठली आणि आत गेली. फाटक लागलं, नानांनी कडी घातली, आणि कडीच्या आवाजानं पोरगं जागं होऊन रडायला लागलं. ते संध्याकाळपर्यंत रडलं. मी त्याला कडेवर घेऊन मिलच्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडवलं, बोट चोखायला दिलं, केळ्याचा गर ओठाला लावला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला साडेअकरालाच चिमटा काढून उठवायला लागले.